परीक्षा ३४ दिवसांवर, पाच पेपर, आणि अभ्यासाला बसावंसंच वाटत नाही. वेळापत्रक कसं करू आणि टिकवू कसं?

तुम्ही लिहिलंय की शेवटच्या सत्राची परीक्षा ३४ दिवसांवर आली, तीनदा वेळापत्रक केलं, तिन्ही दोन-दोन दिवसांत मोडली, आणि आता वही उघडायचीही इच्छा होत नाही. वर विचारलंय, ‘मोटिव्हेशन कुठून आणू?’

ते आणायला जाऊच नका. मी गेलो होतो, म्हणून सांगतो.

दुसऱ्या वर्षाला मी ऑपरेटिंग सिस्टिम्समध्ये चार मार्कांनी राहिलो. अभ्यास केला नव्हता असं नाही. नोट्स पाच वेळा वाचल्या होत्या, दोन हायलायटर संपवले होते. पेपरात डेडलॉकच्या चार अटी विचारल्या. तीन लिहिल्या. चौथी डाव्या पानावर, खालून दुसऱ्या ओळीत, पिवळ्या पट्ट्यात होती हे लख्ख दिसत होतं. ती होती काय, ते काही केल्या आठवेना. त्या पिवळ्या पट्ट्याच्या नादात शेवटचा प्रश्न अर्धाच राहिला.

तुमचा विषय कॉम्प्युटर नसेल तर एवढंच सांगतो: डेडलॉक म्हणजे दोन प्रोग्रॅम एकमेकांच्या हातातल्या वस्तूची वाट बघत अडून बसतात. हा म्हणतो तू सोड मग मी सोडतो, तोही तेच म्हणतो, आणि दोघंही जागचे हलत नाहीत. तुमचं नेमकं हेच झालंय. मूड लागला की अभ्यास करीन, आणि थोडा अभ्यास झाला की मूड लागेल. गंमत अशी की डेडलॉक व्हायला त्या चारही अटी एकदम जुळाव्या लागतात, म्हणून सोडवायला चारही मोडाव्या लागत नाहीत, एक मोडली तरी गाठ सुटते. या जोडीतला मूड काही आपल्या ताब्यात नाही. बसणं आहे. तेव्हा मोडायची ती अट तिथे.

पण नुसतं ‘बसा’ म्हणून भागत नाही, हे मलाही ठाऊक आहे. राहिलेल्या विषयाला परत बसताना मी एक गोष्ट बदलली. खुर्चीत बसल्यावर पुस्तक उघडायचं नाही. कोरा कागद घ्यायचा, वर एका टॉपिकचं नाव लिहायचं आणि दहा मिनिटं त्याबद्दल जे आठवेल ते खरडायचं. व्याकरण नाही, अक्षर नाही, क्रम नाही. पहिल्या दिवशी डेडलॉकवर माझ्या साडेतीन ओळी झाल्या आणि खाली कागद पांढराच्या पांढरा. लाज वाटली. मग पुस्तक उघडलं ते ‘चॅप्टर वाचायला’ म्हणून नाही, तर त्या पांढऱ्या जागेत काय असायला हवं होतं ते शोधायला. भुकेल्या माणसासारखं वाचलं जातं तेव्हा. दोन दिवसांनी त्याच टॉपिकवर पुन्हा कोरा कागद घेतला, पाऊण पान भरलं. चौथी अट, म्हणजे एकाच्या हातातली वस्तू दुसऱ्याला हिसकावून घेता येत नाही ही, त्या पाऊण पानात आपोआप आली.

तुम्ही ज्याला मोटिव्हेशन म्हणता ते मला तिथे भेटलं, साडेतीन ओळी आणि पाऊण पान यांच्यामधल्या फरकात. पाच वेळा वाचताना ते कधी भेटलंच नव्हतं, कारण वाचण्यात पुढे सरकल्याचं दिसत नाही. पान उलटतं एवढंच. उलट वाचता वाचता ‘हे तर येतंय’ असं वाटत राहतं, आणि तीच खरी फसगत आहे.

या फसगतीवर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चार बैठकांत तो वाचला, वाचला आणि वाचला, सरासरी चौदाएक वेळा. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत तीन-चारदा वाचून पुढच्या तीन बैठकांत उतारा समोर न ठेवता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले आणि आठवून लिहिणारे ६१ वर होते. म्हणजे नुसतं वाचून उठलात तर त्या क्षणी तुम्ही खरोखरच हुशार असता. फक्त परीक्षा त्या क्षणी नसते.

आता वेळापत्रक.

तुमची तीन वेळापत्रकं का मोडली ते न बघताही सांगू शकतो. त्यात ‘सकाळी ६ ते ८ अमुक, ८.३० ते १०.३० तमुक’ असे चौकोन होते, बहुतेक रंगीतही. माझं होतं. पट्टीने रेघा मारून, चार रंगांत. ते करण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली आणि अभ्यास केल्याचं पूर्ण समाधान मिळालं, जे वेळापत्रकाचं सगळ्यात वाईट काम आहे. पहिल्या दिवशी सहाचे सव्वासात झाले की पुढचे सगळे चौकोन कलंडतात. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची थकबाकी डोक्यावर घेऊन उठायचं. तिसऱ्या दिवशी नवीन वेळापत्रक. आपण आरंभशूर आहोत असं वाटायला लागतं, पण आपण आळशी असतो असंही नाही. आपला अंदाज कच्चा असतो.

अंदाज सगळ्यांचाच कच्चा असतो. १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस, योगायोगाने तुमच्याकडे आहेत तेवढेच. मग विचारलं, सगळं मनाविरुद्ध घडलं तर? तेव्हा ४९ म्हणाले. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांच्या वर गेली. थोडक्यात, आपला निराशावादी अंदाजसुद्धा आशावादीच निघतो. त्यामुळे ‘हा युनिट दोन तासांत होईल’ असं मनात आलं की मी तिथे साडेतीन तास लिहितो. नोकरीतही लिहितो.

तुमच्या ३४ दिवसांचा हिशेब मांडून बघू. शेवटचे सहा दिवस नवीन काहीही वाचायचं नाही, ते फक्त उजळणीला. राहिले २८. त्यातला आठवड्याला एक दिवस पूर्ण कोरा ठेवायचा. आराम म्हणून नाही, तर ताप येईल, जर्नल सबमिट करायचं निघेल, कुणाचं काही निघेल, ते सगळं त्या दिवसात मावायला. राहिले २४. लेक्चर आणि प्रॅक्टिकल चालू असताना दिवसाला खऱ्या अर्थाने तीन तास मिळतात असं धरू. कुणी दहा तास सांगत असेल तर त्यात फोन हातात धरून बसलेले सहा असतात. तीनातला एक तास जुन्याची उजळणी, दोन तास नवीन. म्हणजे नव्या अभ्यासाला उरले ४८ तास. पाच विषय, प्रत्येकी पाच युनिट धरले तर पंचवीस युनिट. प्रत्येकाला दोन तासही येत नाहीत, आणि आत्ताच म्हणालो की साडेतीन लागतात.

इथे पोटात गोळा येतो. येऊ द्या. हा गोळा आज आलेला बरा, ३०व्या दिवशी येण्यापेक्षा.

पंचवीसच्या पंचवीस करायचेच नाहीत. मागच्या चार-पाच वर्षांचे पेपर समोर घ्या आणि सिलॅबसच्या कागदावर प्रत्येक युनिटपुढे किती मार्कांचं किती वेळा आलं ते उभ्या रेघांनी मांडा. मग तीन ढीग करा: आधीच येतं ते, धडपडलो तर येईल ते, आणि बापजन्मात येणार नाही ते. आपली चूक अशी होते की पहिल्या ढिगापासून सुरुवात करतो, कारण तिथे बरं वाटतं. नाहीतर ईर्षेने तिसऱ्याला हात घालतो आणि चार दिवस वाया घालवतो. सुरुवात मधल्या ढिगापासून, आणि त्यातही सगळ्यात जास्त रेघा असलेल्या युनिटपासून. समजा मधल्या ढिगात तेरा निघाले. तेराला साडेतीन तास म्हणजे साडेपंचेचाळीस. ४८ मध्ये बसलं. पहिला ढीग उजळणीच्या तासात सांभाळला जातो. तिसऱ्यातलं एखादं रेघाळ युनिट असेल तर कोऱ्या दिवसात बघा, नाहीतर खुशाल सोडा. सोडायचं असेल तर आज ठरवून सोडा. परीक्षेच्या आदल्या रात्री सुटतं ते सोडलेलं नसतं, निसटलेलं असतं, आणि त्याचा धसका दुसऱ्या युनिटांनाही लागतो.

म्हणजे तुमचं नवं वेळापत्रक तासांचं नसेल, तेरा नावांची एक यादी असेल. रोज रात्री झोपण्याआधी उद्याची एकच ओळ लिहायची: कुठे, कधी बसल्यावर, कुठला टॉपिक. ‘उद्या डीबीएमएस करायचं’ (म्हणजे डेटाबेसचा अख्खा विषय) असं लिहू नका, त्याने काही होत नाही. ‘कॉलेजमधून आल्यावर बॅग ठेवली की टेबलावर, नॉर्मलायझेशन, कोरा कागद’ असा त्यातला एकच टॉपिक लिहिला की सकाळी ठरवायला काही उरत नाही. आपली निम्मी ताकद ‘आज काय करू’ यातच जाते.

एकाच विषयाला सलग आठ दिवस देऊन तो ‘संपवू’ नका. विषय संपत नाही, नववा दिवस उजाडला की गळायला लागतो. झालेलं युनिट दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर, मग आठवड्या-दीड आठवड्याने पुन्हा, आणि शेवटच्या सहा दिवसांत एकदा. मधल्या काळात थोडं विसरलं जाणं चांगलंच आहे. आठवायला कष्ट पडले की ते घट्ट बसतं. गणिताचे, हिशेबाचे विषय असतील तर सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः सोडवा. बघून ‘हां, कळलं’ म्हणणं म्हणजे काठावर बसून पोहणं.

पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं सुट्टी हे तुम्ही ऐकलं असेलच. सुरुवातीच्या आठवड्यात उपयोगी पडतं, पुढे लय लागली की घड्याळ मध्ये मध्ये वाजून उलट त्रास देतं. तेव्हा बंद करा. फोन दुसऱ्या खोलीत. यावर मी भाषण देणार नाही, तुम्हाला माहीत आहे. झोपेत मात्र कपात करू नका. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत मुरवतो, त्यामुळे जागरण करून वाचलेला चॅप्टर आधीच्या दोन चॅप्टरना घेऊन बुडतो.

आणि दिवस फुकट जाणारच आहे. एक तरी जाईल, बहुधा याच आठवड्यात. त्या रात्री स्वतःला शिव्या घालणं म्हणजे आपण काहीतरी करतोय असं वाटतं, पण तो चालढकलीचाच पुढचा हप्ता असतो. २०१० मध्ये वोल, पिचिल आणि बेनेट यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये पाहिलं की पहिल्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी टाळाटाळ केली. मला हे वाचून आश्चर्य वाटलं, कारण माझा समज अगदी उलटा होता. मी स्वतःला इतकं झोडपायचो की टेबलाकडे जायचीच भीती बसायची. आता नियम साधा आहे: बुडालेल्या दिवसाचं काम दुसऱ्या दिवसावर चढवायचं नाही, कोऱ्या दिवसात टाकायचं. दुसरा दिवस आपल्या ठरलेल्या ओळीनेच सुरू होतो.

एक सोबती शोधा. शेजारी बसून अभ्यास करणारा नको, त्यात गप्पाच होतात. रात्री फक्त कोऱ्या कागदाचा फोटो एकमेकांना पाठवायचा, शेरा न मारता. माझ्या मित्राचा कागद रोज माझ्यापेक्षा भरलेला असायचा आणि त्याचा मला मनापासून राग यायचा. तो रागही कामाला आला.

प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवसांबद्दल एकच सांगतो. पेपर संपला की वर्गाबाहेर घोळका जमतो आणि ‘तिसऱ्याचं ब किती आलं तुझं?’ सुरू होतं. त्यातून आपल्याला मार्क मिळत नाहीत, फक्त पुढच्या पेपराची दुपार जाते. तिथून सटका. मला सरळ निघून जायला संकोच वाटायचा, म्हणून मी दाराशी वाकून बुटाची लेस बांधत बसायचो. घोळका जिन्यापर्यंत पोचेतो दोन्ही बुटांच्या लेस सोडून परत बांधून व्हायच्या.