मनातले ओळखणारा नेमके काय ओळखतो?

प्रश्न : अमेरिकेतील मेंटॅलिस्ट, म्हणजे मनातले ओळखण्याचे प्रयोग करणारे कलाकार, क्रेस्किन यांच्याविषयी अलीकडे वाचनात आले. प्रेक्षकांनी सभागृहात लपवून ठेवलेले स्वतःचे मानधन ते शोधून काढत, हे खरे आहे काय? त्यांना काही सिद्धी होती का? माझ्या बारावीतल्या मुलाला हीच कला शिकायची आहे, म्हणून विचारते. – एक वाचक, फोंडा

उत्तर : होय, खरे आहे, आणि मला तर त्या प्रयोगापेक्षा त्याची अट अधिक मोलाची वाटते. क्रेस्किन यांना पहाऱ्यात बाहेर नेल्यावर प्रेक्षकांतील काही जण त्यांच्या मानधनाचा धनादेश सभागृहात कुठेतरी लपवीत. तो सापडला नाही तर त्या प्रयोगाच्या मानधनावर पाणी सोडावे लागे, आणि काही वेळा त्यांना ते सोडावे लागलेही.

त्यांचे मूळ नाव जॉर्ज जोसेफ क्रेस्गे. जन्म १२ जानेवारी १९३५ रोजी न्यू जर्सीतील माँटक्लेअर येथे झाला. मँड्रेक या जादूगाराच्या चित्रकथांनी त्यांना लहानपणीच वेड लावले. शाळेत लपवलेली वस्तू शोधण्याचा खेळ पाहून त्यांनी घरी भावाला नाणे लपवायला लावले आणि काही न विचारता ते शोधण्याचा सराव केला. पुढे सेटन हॉल विद्यापीठात ते मानसशास्त्र शिकले. १९७०च्या दशकात दूरचित्रवाणीने त्यांना घरोघरी पोहोचवले. १० डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या ८९व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

सिद्धीचा दावा ते स्वतःच नाकारत. अशा शोधाचा सर्वमान्य उलगडा स्नायुवाचन हा आहे. वस्तू कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस त्या जागेचा विचार करीत चालला, की त्याच्या नकळत त्याचा हात त्या दिशेला किंचित सैलावतो, विरुद्ध दिशेला आखडतो, आणि जागा जवळ आली की पाऊल रेंगाळते. विचाराने आपोआप घडणाऱ्या या हालचालींचे वर्णन कार्पेंटर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच केले होते. म्हणजे वाचले जाते ते मन नव्हे, शरीर.

क्रेस्किन यांचे सारेच मला पटते असे नाही. २००२ मध्ये नेवाडाच्या वाळवंटावर उडत्या तबकड्या दिसतील, असे भाकीत त्यांनी केले. शेकडो माणसे जमली, काही दिसले नाही, आणि मग लोक सूचनेला किती वश होतात हे पाहायचे होते, असे त्यांनी सांगितले. विश्वासाने आलेल्या माणसांशी असे वागणे मला गैर वाटते.

मात्र संमोहनाविषयीचे त्यांचे म्हणणे गोमंतकीयांनी ध्यानात घ्यावे. संमोहित माणूस कोणत्याही वेगळ्या तंद्रीत जात नाही, तो केवळ सूचनेला साथ देतो, असे ते आग्रहाने मांडत. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, संमोहनाचे आद्य अभ्यासक आबे फारिया यांचा पुतळा आहे. समोर कलंडलेली स्त्री पाहून तिच्यावर फारियांच्या बोटांतून काही शक्ती उतरत असावी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेल्या या धर्मगुरूने १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करताना नेमके उलटे सांगितले : प्रयोग करणाऱ्याकडून, त्या काळी समजले जाई तसा, कोणताही चुंबकीय प्रवाह येत नाही, निद्रा येते ती झोपणाऱ्याच्याच एकाग्रतेतून आणि अपेक्षेतून. तंद्रीविषयी दोघांचे एकमत होणार नाही, पण किल्ली समोरच्या माणसाकडेच असते, हे दोघेही मान्य करतील.

तेव्हा मुलाला अडवू नका. बारावीनंतर मानसशास्त्र घेता आले तर उत्तमच. कोणाच्या हरवलेल्या दागिन्याचा किंवा परागंदा झालेल्या माणसाचा ठाव सांगण्याच्या फंदात मात्र त्याला कधीही पडू देऊ नका. तिथे करमणूक संपते आणि फसवणूक सुरू होते. सुरुवात घरीच करता येईल. पाच रुपयांचे नाणे लपवा, त्याला तुमचे मनगट हलके धरू द्या आणि केवळ त्या जागेचा विचार करीत त्याच्यासोबत घरभर फिरा. तो किती वेळा चुकला, हे त्याने रोज वहीत लिहून ठेवावे.