बेसिन, बॉटल ट्रॅप आणि क्रोशाची सुई

प्रश्न : काकू, आम्ही तिघी मैत्रिणी कर्वेनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. महिनाभरापासून बाथरूमच्या बेसिनमधलं पाणी फार सावकाश उतरतंय. दात घासून होईपर्यंत अर्धं बेसिन भरतं. खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतून झालं, परवा ड्रेन साफ करायची पावडरही टाकली. घरमालक म्हणतात, केस तुमचे, खर्च तुमचा. प्लंबर आठवडाभर ‘उद्या येतो’ म्हणतोय. आम्हीच काही करू शकतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : घरमालकांचा सूर मला आवडला नाही, पण केसांबद्दल ते खोटं बोलत नाहीत. माझ्या दोन मुली आणि मी, तिघींच्या वेण्या वर्षानुवर्षं एकाच बेसिनसमोर घातल्या गेल्या. नुसता केस वाहून जातो हो. त्याला साबणाचा चिकट थर भेटला की तो मुक्काम ठोकतो. त्यात पाणी बोअरचं असेल तर विचारूच नका. जड पाण्यात साबण नीट विरघळत नाही, त्याचा पांढरट साका धरतो.

सोडा-व्हिनेगरचा फेस बघायला छान. पण ती दोघं एकमेकांनाच संपवतात, केसांच्या गुंत्याचं काही बिघडत नाही. पावडरीची मात्र मला काळजी वाटते. तिच्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो आणि खालच्या वळणात ते पाणी अजून साचलेलं असू शकतं. आधी थोडं थोडं करत भरपूर साधं पाणी सोडा. हातमोजे आणि चष्मा घालूनच पुढचं काम करा. आणि ‘आता हेही बघू’ म्हणून वर संडासचं ॲसिड अजिबात ओतायचं नाही. दोन्ही एकत्र आली की उकळून तोंडावर उडतात.

आता अडलंय कुठे ते बघू. भोकात ओलं फडकं कोंबून बेसिन अर्धं भरा आणि फडकं एकदम ओढा. पाणी पहिल्यापासून रेंगाळलं तर अडथळा तोंडाशीच आहे. आधी भसकन जाऊन मग रेंगाळलं तर तो पुढे पाइपात आहे. आणि त्याच वेळी जमिनीवरच्या नहाणी ट्रॅपच्या जाळीतून पाणी वर येतंय का, तेही एकीने बघत राहा.

तोंडाशी असेल तर काम दहा मिनिटांचं. भोकात आडव्या पट्ट्या असतात ना, प्लंबर त्याला कपलिंग म्हणतात, केस तिथेच लोंबकळत असतात. त्यासाठी माझ्याकडे क्रोशाची जुनी सुई आहे. पट्ट्यांमधून खाली घालायची, फिरवायची, वर ओढायची. जे बाहेर येईल ते बघून जेवण जाणार नाही, म्हणून जेवणानंतर करू नका, आधीही करू नका. दाबून उघडायचं झाकण असेल तर ते बहुतेक वेळा उलटं फिरवलं की निघतं.

एवढ्याने भागलं नाही तर रबरी पंप. बेसिनच्या वरच्या कडेला ओव्हरफ्लोचं छोटं भोक असतं, ते ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो. बहुतेक जणी इथेच चुकतात आणि पंपाला नावं ठेवतात.

मग राहिला बॉटल ट्रॅप, म्हणजे बेसिनखालची ती बाटलीसारखी वाटी. खाली बादली ठेवा आणि वाटी हाताने फिरवून काढा. पान्याने आवळू-सोडू नका, प्लॅस्टिकचे आटे जातात. आतला रबरी वॉशर कुठे होता ते लक्षात ठेवा. मी पहिल्यांदा वाटी काढली, आतली घाण सवयीने त्याच बेसिनमध्ये ओतली, आणि ती सरळ माझ्या पायांवर आली. बादलीचं मी उगाच सांगत नाहीये.

वाटीऐवजी घड्यांचा पांढरा पाइप असेल तर तो धुवत बसू नका, प्रत्येक घडीत मळ बसतो. तो फार महाग नसतो, नवाच घाला. मात्र बसवताना त्याला एक वळण राहू द्या. त्या वळणात पाणी साठून राहतं, म्हणून गटाराचा वास वर येत नाही. सगळं जोडून झाल्यावर खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि पाणी सोडा. कागद भिजला तर वॉशर तिरका बसलाय.

आणि मघाशी नहाणी ट्रॅपमधून पाणी वर आलं असेल, तर ट्रॅपची जाळी उचलून तिथले केस काढा. तरीही पाणी वर येत राहिलं तर पुढची लाइन भरलीय. तिथे तुमची सुई पोचणार नाही. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा आणि घरमालकांना पाठवा. हा खर्च त्यांचा.