पहिल्या परदेशप्रवासासाठी कझाकस्तानचा विचार करावा

किती देशांत व्हिसाविना जाता येते यावरून ठरणाऱ्या जागतिक यादीत भारतीय पासपोर्टचा क्रमांक कितवा आहे, याची चिंता आपण प्रथम सोडून द्यावी, कारण त्या क्रमांकापेक्षा आपल्याला जायचे आहे त्या देशाचा नियम नेमका काय आहे, हे जाणणे कितीतरी अधिक उपयोगाचे असते. कझाकस्तानच घ्या. भारतीयांना तेथे 2022 पासून एका भेटीत 14 दिवस आणि 180 दिवसांच्या कालावधीत एकूण 42 दिवस व्हिसाविना राहता येते. अल्माटीजवळची चारिन दरी आणि तुर्किस्तान शहरातील सूफी संत ख्वाजा अहमद यासवी यांची समाधी (ती 2003 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे) यांसाठी एवढी मुदत पुरेशी आहे. मात्र शेजारच्या किर्गिझस्तानला व्हिसा लागतो. तेव्हा अल्माटीहून त्या देशाच्या राजधानीला, बिश्केकला, जायचे असल्यास तो ऑनलाइन अर्ज करून निघण्यापूर्वीच मिळवावा. व्हिसामाफी म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे; सीमेवरील अधिकारी परतीचे तिकीट, निवासाचे आरक्षण आणि खर्चाची तरतूद विचारू शकतात, म्हणून ही कागदपत्रे छापील स्वरूपात जवळ ठेवावीत. नियम बदलत असतात. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाचे संकेतस्थळ स्वतः वाचावे, एजंटच्या शब्दावर विसंबू नये.