संकल्पनांच्या अभ्यासाची सुरुवात: आधी शेव, मग पुस्तकं

मन गोष्टींचे गट कसे पाडतं, म्हणजे संकल्पना कशा बनतात, याचा अभ्यास कुठून सुरू करू, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही इंदूरचेच, मग सोपं आहे. पुस्तकं थोडी थांबू द्या. घरातल्या पाच-सहा जणांना विचारा, "नमकीन म्हटलं की काय काय आठवतं?" उत्तरं त्याच क्रमाने लिहून घ्या. शेव बहुधा वर येईल, खारे काजू मागे राहतील. आता 'नमकीन'ची चोख व्याख्या करून बघा. खारट? मग लोणचं का नाही? तळलेलं? मग बटाटेवडा का नाही?

व्याख्येच्या नादात माझं पहिलं वर्ष गेलं, म्हणून कळकळीने सांगतो, तिथे अडकू नका. मानसशास्त्रज्ञ एलिनॉर रॉश यांनी 1970च्या दशकात दाखवलं की गटातले सगळे सारखे नसतात, काही जास्त नमुनेदार असतात. चिमणीला पक्षी म्हणायला मन पेंग्विनपेक्षा कमी वेळ घेतं.

सुरुवातीच्या चुका:

- "यात बसतं का?" एवढंच विचारणं. "कितपत चांगलं उदाहरण?" हा प्रश्न जास्त कामाचा.
- नावाची पातळी, म्हणजे नाव किती ढोबळ किंवा नेमकं आहे, हे न बघणं. आपण 'खुर्ची' म्हणतो, 'फर्निचर' नाही.
- गट कायमचे समजणं. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स बार्सालू यांनी 1983 मध्ये ऐनवेळी बनणाऱ्या गटांवर लिहिलं. "रात्री अकराला पाहुणे आले, सराफ्यातून काय आणू?" म्हटल्याबरोबर इंदूरच्या या रात्रीच्या खाऊबाजारातले भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद) आणि रबडी एका गटात येतात! एरवी त्यांचं काय नातं?

या सगळ्याची गणिती प्रतिमानं (मॉडेल्स) सध्या नकोत. आठवडाभर याद्या जमवा आणि मला दाखवा, मला खरंच बघायच्या आहेत.