'जंगल बुक'वाल्या किपलिंगने स्वतःच्याच मुलाला युद्धात ढकललं, हे खरं आहे का?

बरंचसं खरं आहे. फक्त 'ढकललं' म्हणताना पोरगाही जायला उतावळा होता, हे विसरू नका.

जॉन किपलिंगचा जन्म ऑगस्ट 1897चा. रुडयार्ड आणि कॅरीचा एकुलता एक मुलगा. थोरली बहीण जोसेफिन 1899 मध्ये सहा वर्षांची असताना न्यूमोनियाने गेली. मधली एल्सी. जॉनला आरमारात घालायचं बापाच्या मनात होतं, पण मुलाची नजर बापासारखीच अधू, त्यामुळे ते बारगळलं. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा जॉनला सतरा पूर्ण व्हायलाही काही दिवस होते. लष्करानेही डोळे बघून त्याला परत पाठवलं.

दुसरा एखादा बाप 'सुटलो' म्हणाला असता. पण किपलिंग तेव्हा भाषणं ठोकून लोकांच्या पोरांना भरती व्हायला सांगत होता. स्वतःचा मुलगा घरी बसवून हे बोलणार कसं? लॉर्ड रॉबर्ट्स हे त्याचे जुने स्नेही, आणि आयरिश गार्ड्स या पलटणीचे कर्नल. किपलिंगने शब्द टाकला आणि जॉनला कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं. आपल्याकडे वशिला लावतात तो गैरसोयीची बदली टाळायला. इथे तो खंदकात पोचायला लागला.

अठरावा वाढदिवस येतो न येतो तोच, ऑगस्ट 1915 मध्ये, तो फ्रान्सला रवाना झाला. तिथून घरी आलेली पत्रं शाळेच्या सहलीला गेलेल्या मुलाची वाटतात. हे पाठवा, ते पाठवा. एका पत्रात तो लिहितो की माझी ओळख पटवणारी, सैनिक गळ्यात घालतात ती चकती हरवली आहे, दुसरी पाठवा. साधी ॲल्युमिनियमची, दोरी ओवलेली.

27 सप्टेंबरला फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत तो दिसेनासा झाला. घरी कळवलं गेलं ते 'जखमी आणि बेपत्ता' असं. त्यानंतर आईवडिलांनी आयरिश गार्ड्सच्या जखमी शिपायांना गाठून एकेकाला विचारलं. किपलिंगचा मित्र, कादंबरीकार रायडर हॅगार्ड, याला एक शिपाई भेटला. तोंडावर जखम झालेला एक तरुण अधिकारी वेदनेने रडत पट्टी बांधायची धडपड करताना त्याने पाहिला होता. साहेबाला ओशाळवाणं वाटेल म्हणून तो मदतीला गेला नाही. हॅगार्डने हे डायरीत लिहून ठेवलं, मित्राला मात्र सांगितलं नाही. मला तरी हॅगार्डचं बरोबरच वाटतं.

जनरल डायरच्या निधीला पैसे देणाऱ्या किपलिंगबद्दल मला फारसा जिव्हाळा नाही. पण पुढची वीस वर्षं त्याने जे केलं ते टाळून उत्तर पुरं होणार नाही. 1917 मध्ये तो युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या आयोगावर गेला. ओळख न पटलेल्या सैनिकांच्या कबरींवर 'देवालाच ठाऊक' या अर्थाची जी ओळ दिसते, ती त्याने सुचवलेली. आयरिश गार्ड्सचा दोन खंडी इतिहास त्याने स्वतः लिहिला (1923). त्यात जॉनचा मृत्यू इतर अधिकाऱ्यांच्या नावांबरोबर उरकला आहे. फ्रान्समध्ये न्यूव्ह-शापेलला बेपत्ता भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, चार हजारांहून जास्त नावांचं. 1927 मध्ये त्याच्या उद्घाटनाला किपलिंग हजर होता. त्या नावांमागच्या आईबापांना फ्रान्सला जाऊन शोध घेणं कुठलं परवडणार?

किपलिंग 1936 मध्ये वारला, मुलाची कबर न सापडताच. 1992 मध्ये आयोगाने एका अनोळखी आयरिश गार्ड्स लेफ्टनंटची कबर जॉनची म्हणून जाहीर केली. हुद्दा आणि सापडल्याची जागा यांवरून अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली. आयोग आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. ती चकती गळ्यात असती तर हा वादच उरला नसता.

एल्सीला मूलबाळ नव्हतं, ती 1976 मध्ये गेली आणि वंश संपला. ससेक्समधलं त्यांचं बेटमन्स हे घर आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. इंग्लंडला जाणं झालं तर बघता येईल.