पोटात बाळ, हातात क्रूझचं तिकीट: पैशाचा हिशोब

ताई, आधी अभिनंदन! तुमचं पत्र वाचलं. चार महिन्यांपूर्वी बार्सिलोनाहून सात रात्रींची क्रूझ बुक केली, मार्सेय, जेनोवा, चिविटावेक्किया म्हणजे रोमचं बंदर, पालेर्मो, माल्टा असं फिरून परत बार्सिलोना, 60 हजार भरून झालेत, 3 लाख 40 हजार बाकी आहेत जे पंधरा दिवसांत भरायचेत, आणि मधेच कळलं की गुड न्यूज आहे. आत्ता 11 आठवडे झालेत. एफडी आणि बचत मिळून 5 लाख 20 हजार आहेत, तर जावं का, असं विचारलंय. अहो म्हणतायत "परत कधी जाणार", सासूबाई म्हणतायत "वेड लागलंय का". दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

पण पैशाच्या आधी एक गोष्ट बघा, जी तुमच्या एजंटने सांगितलेली दिसत नाही. तुम्ही लिहिलंय "तेव्हा सहावा महिना चालू असेल, म्हणजे फिरायला बेस्ट". क्रूझवाले महिने मोजत नाहीत हो, शेवटच्या पाळीपासून आठवडे मोजतात, आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांचा नियम असा की सफर संपायच्या आत 24 वा आठवडा लागत असेल तर जहाजावर घेतच नाहीत. जहाजावर डॉक्टर असतो पण डिलिव्हरी किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ सांभाळायची सोय नसते म्हणून. तुमच्या तारखा मी मोजल्या, चढताना 23 आठवडे 3 दिवस, उतरताना 24 आठवडे 3 दिवस. म्हणजे पूर्ण पैसे भरून, विमानाने बार्सिलोनापर्यंत जाऊन, धक्क्यावर "सॉरी मॅडम" ऐकायची वेळ येऊ शकते, आणि तेव्हा सहसा पैसेही परत मिळत नाहीत.

त्यामुळे ह्या तारखा तर गेल्याच समजा. आता प्रश्न, आधीची सफर घ्यावी का? 14 ते 22 आठवड्यांमधे बऱ्याच जणींना बरं वाटतं, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, मी फक्त पैशाचं बोलते.

घरात महिन्याला 1 लाख 35 हजार येतात, हप्त्यासकट 85 हजार जातात, 50 हजार उरतात. डिलिव्हरीला साडेसहा महिने, म्हणजे आजचे 5.20 आणि वाढणारे 3.25, धरा 8 लाख 45 हजार. आता उलट बाजू. 26 आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा 10 किंवा जास्त लोकांच्या ऑफिसला लागतो, तुमच्या सीएच्या ऑफिसात तुम्ही सात जण, ते दोन महिने पगारी देतायत तेच खूप. त्यात जे उरेल ते बारशात जाईल, बडोद्यातलं बारसं आहे, दांडिया बाजारातले सगळे येणार! पुढचे सहा महिने बिनपगारी. ह्यांचे 80 हजार, खर्च 85 आणि बाळाचे 15, दरमहा 20 हजारांचा खड्डा, म्हणजे 1 लाख 20 हजार. ह्यांच्या ग्रुप पॉलिसीत मॅटर्निटीला 50 हजारांची मर्यादा आहे, सिझेरियन झालं तर वरचे 75 हजार धरा, बाळाला पेटीत ठेवायची वेळ आली तर म्हणून दीड लाख बाजूला, आणि तीन महिन्यांचा घरखर्च 2 लाख 55 हजार, ज्याला हात लावायचा नाही. झाले 6 लाख.

क्रूझ केली तर 8 लाख 45 हजारांतून बाकीचे 3 लाख 40 हजार जाऊन उरतात 5 लाख 5 हजार, आणि हे सुद्धा कागदावर. टिपा धरल्या नाहीयेत तुम्ही, माणशी रोज 10-12 युरो जहाजच कापून घेतं. बंदरावरचं फिरणं धरलं नाहीये. रोमचंच बघा, जहाज रोमला जात नाही, बंदर साधारण 70 किलोमीटर लांब, म्हणजे भरुचला उतरून बडोदा बघून संध्याकाळी परत भरुचला! ट्रेनने तासभर जायला, तेवढाच यायला, पोट घेऊन कोलोसियमच्या उन्हात रांग, शेवटी टॅक्सीच करणार. माल्टाचं व्हॅलेटा सगळं चढ-उतार आणि पायऱ्या. 60 हजार सहज वर. मग हातात 4 लाख 45 हजार, लागणाऱ्या 6 लाखांपेक्षा 1 लाख 55 हजार कमी. आधीची तारीख, खिडकी नसलेली केबिन असं करून थोडे वाचतील, पण दीड लाख नाही वाचत.

इन्शुरन्स आहे ना, असं म्हणाल. युरोपच्या शेंगेन व्हिसाला 30 हजार युरोचं कव्हर लागतं खरं, पण ट्रॅव्हल पॉलिसीत प्रेग्नन्सीचा खर्च बहुतेक वेळा वगळलेला असतो, वाचून बघा.

माझं मत, ह्या वेळी नको. पण 60 हजार गेलेच असं धरून बसू नका, इथेच घाई करायची आहे. काही कंपन्यांच्या अटींमधे असतं की बुकिंगनंतर प्रेग्नन्सी कळली आणि तुम्ही लगेच कळवलं तर पैसे परत किंवा दुसरी तारीख देतात. तुमचं अगदी तसंच आहे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या ज्यात आठवडे आणि ड्यू डेट दोन्ही असेल, बुकिंगची तारीख लिहा, आणि फोनवर नाही, मेलवर, एजंटला आणि कंपनीला दोघांनाही ह्याच आठवड्यात पाठवा. जसजशी सफर जवळ येते तसतशी कॅन्सलेशनची कपात वाढत जाते, महिना वाट बघितलीत तर रक्कम बदलेल. दुसरी तारीख देत असतील तर एक लक्षात ठेवा, तान्ह्या बाळाला बऱ्याच जहाजांवर निदान 6 महिने पूर्ण लागतात, काही मार्गांवर वर्ष.

आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत व्हिसाचे पैसे भरू नका, माणशी 90 युरो आहेत आणि ते परत देत नाहीत. विमानाचं तिकीट अजून काढलेलं नाही असं लिहिलंयत, ते फार बरं झालं.