वाचकांचे प्रश्न : सलाईनचा सुजलेला हात

प्रश्न : जुलाब-उलट्यांमुळे माझ्या दीड वर्षाच्या मुलाला सरकारी रुग्णालयाच्या बालरोग कक्षात ठेवले होते. दुसऱ्या रात्री सलाईन शिरेबाहेर गेले आणि सकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला. रात्रपाळीला दोनच सिस्टर होत्या आणि मुले चाळीसच्या आसपास. हा हलगर्जीपणा समजायचा का?
– एक आई

उत्तर : ताई, बालरोग कक्षात अनेक वर्षे परिसेविका म्हणून काम केल्यामुळे ती रात्र माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. हात फळीला बांधलेला असतो, पट्टीखाली सूज चढत जाते, आणि बोलता न येणारे मूल रडले तर ते भुकेने रडते आहे असेच सर्वांना वाटते. म्हणूनच सुईची जागा तासातासाला डोळ्यांनी पाहावी लागते. ते पाहणे राहून गेले. ते राहायला नको होते.

अमेरिकेतील परिचर्या-संशोधक बिआट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये परिचारिकांनाच बोलते केले, तेव्हा कूस बदलणे, वेळेवर भरवणे, पोटात किती गेले आणि बाहेर किती पडले याची नोंद ठेवणे, घरच्यांना समजावून सांगणे ही कामे राहून जातात, असे त्यांनी सांगितले. कारणांमध्ये अपुऱ्या मनुष्यबळाबरोबर ‘हे माझे काम नाही’ ही वृत्तीही होती. इंजेक्शन चुकले तर डॉक्टर जाब विचारतात, पण नोंदीचा रकाना रिकामा राहिला तर सहसा कोणी विचारत नाही. त्यातून आपल्याकडे अंग पुसणे, ओआरएस चमच्याने पाजणे, जुलाब मोजणे हे सारे आईच करते, त्यामुळे काय राहिले हे कागदावर उमटतच नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण कक्षात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, अध्यापन रुग्णालयात तिनांमागे एक. तुमच्या कक्षात एकीच्या वाट्याला वीस मुले होती. त्यामुळे चूक झाली हे मान्य करूनही सारा दोष त्या दोघींच्या माथी मारणे मला न्यायाचे वाटत नाही.

सूज उतरली नसेल, कातडीवर फोड किंवा काळसरपणा असेल, बोटे गार पडत असतील, तर बाळाला आजच डॉक्टरांना दाखवा. वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज जरूर द्या. त्यात सूज केव्हा दिसली, कोणाला सांगितले हे लिहाच, पण त्या पाळीत किती मुले आणि किती परिचारिका होत्या हेही लिहा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या.